शेरा पुसू नकोस

बाय,

रविवारी फोंड्याहून लॅपटॉप घेऊन आलीस. चहा निवला तरी तुझं बोट त्या एकाच ओळीवर. प्रोग्राम म्हणतो उत्तर आहे, वहीत सोडवलं तर नाही. तेव्हा मी नीट बोललो नाही, म्हणून हे पत्र.

तुला स्थिर बिंदू हवा होता, म्हणजे फंक्शनमध्ये घातला की तोच परत मिळतो असा आकडा. तुझं फंक्शन: क्षचं वर्गमूळ वजा १. अंतराल, म्हणजे मशीन एका दमात तपासतं तो आकड्यांचा पट्टा, उणे १ ते १. मशीनने वर्गमूळ दिलं ० ते १, त्यातून १ गेला, उरलं उणे १ ते ०. हे मूळ अंतरालात मावलं, आणि तू ब्राउवरचं प्रमेय (संतत, म्हणजे न तुटणारं फंक्शन बद्ध अंतरालाला त्याच्याच आत नेत असेल तर स्थिर बिंदू असतोच) लावून मोकळी झालीस! अगं, वर्गमूळ बरोबर क्ष अधिक १ असं मांडून वर्ग करून बघ, विवेचक उणे ३ येतो. स्थिर बिंदू नाहीच. ऋण संख्या मशीनने गुपचूप वगळल्या होत्या आणि शेजारी 'ट्रिव' असा शेराही मारला होता. म्हणजे हमी कसलीच नाही. तो शेरा तू वाचला नाहीस.

अंतरालांच्या आकडेमोडीसाठीच्या आयट्रिपलई १७८८ या २०१५च्या मानकात हे शेरे आहेत ते याचसाठी. 'कॉम' असेल तर अंतराल बद्ध (दोन्ही टोकांना मर्यादा असलेलं), फंक्शन त्यातल्या प्रत्येक बिंदूपाशी संतत, उत्तरही बद्ध. 'डॅक'मध्ये बद्धतेची हमी जाते आणि सांतत्य फक्त अंतरालाच्या आतपुरतं उरतं; 'डेफ'मध्ये तेही जातं, फंक्शनला सगळीकडे किंमत आहे एवढंच कळतं. आकडेमोडीच्या साखळीत सगळ्यांत कमकुवत शेरा पुढे जातो. १ ते १.९ वर फ्लोअर (अपूर्णांक खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन) सगळीकडे १च देतो, मग 'कॉम' का नाही, हे तू विचारलंस तेव्हा मात्र बरं वाटलं. १च्या डावीकडे पायरी आहे, म्हणून 'डॅक'.

पण लगेच म्हणालीस, शेऱ्यांनी प्रोग्राम मंदावतो, काढून टाकू? शेरा पुसू नकोस. १९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला तेव्हा मी बेतीला राहायचो. पणजी समोर दिसायची आणि आम्ही फेरीच्या रांगेत. दोन्ही काठ जागच्या जागी, मधलंच नाही. एवढं बघूनही पुढे एका नोकरीत मी माझ्याच प्रोग्राममधले इशारे बंद केले. साहेबांना कागद स्वच्छ हवा होता. तसं कुणाचं काही बिघडलं नाही, आणि त्या काळी सगळेच तसं करायचे. तरी कोणत्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा, हे वर्षभराने मलाच सांगता येईना. म्हणून पुन्हा सांगतो, शेरा पुसू नकोस. मंदावला तर मंदावू दे, तुला कुठली बस चुकणार आहे?

आता ० ते १ घेऊन चालव. शेरा 'कॉम' येईल, उत्तर उणे १ ते ०. पण ते आत मावत नाही. सामाईक फक्त ०. तेवढाच घेऊन परत चालव, आणि काय येतं ते शेऱ्यासकट लिहून आण.

काका