'हाडाचा आकार' म्हणजे शेप की साइज?

फिजिओथेरपी शिकणाऱ्या एकीने विचारलंय की प्रोजेक्टचा विषय रेडियस या हाताच्या हाडाचा शेप आणि साइज मोजणं असा आहे, तर मराठीत काय लिहू, कारण मोबाईलने "त्रिज्या हाडाचा आकार आणि आकार" असं करून दिलंय. हसू नका, मोबाईलची निम्मीच चूक आहे.

त्रिज्या आधी काढून टाक. लॅटिनमध्ये रेडियस म्हणजे चाकाचा आरा, त्यावरूनच वर्तुळातल्या रेघेला ते नाव पडलं आणि हाडालाही, पण आपण वर्तुळाला त्रिज्या दिली आणि हाडाला पुस्तकात अरास्थी, म्हणजे पुन्हा आराच. दवाखान्यात मात्र अरास्थी कोणी म्हणत नाही, सरळ रेडियस लिही. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं, त्यातलं अंगठ्याकडचं ते रेडियस, करंगळीकडचं अल्ना.

खरी गंमत 'आकार'ची. "ढगाचा आकार हत्तीसारखा" आणि "लाडवांचा आकार जरा लहान ठेव", दोन्हीकडे एकच शब्द आणि आपलं काही अडत नाही. वीजबिलावर तर 'स्थिर आकार' म्हणजे चक्क पैसे! साइजला आकारमान म्हणावं तर शाळेत ते व्हॉल्यूमसाठी शिकवलंय, दगड पाण्यात बुडवून काढायचं ते, त्यामुळे "रेडियसचं आकारमान" वाचलं की सायन्सच्या बाई मोजपात्र मागणार.

म्हणून मोजताना नक्की काय करतात ते बघ. लांबीसाठी एक फळी असते, चपलांच्या दुकानात पाय ठेवून माप घ्यायची पट्टी असते ना तशातलीच, एका टोकाला पक्की उभी भिंत आणि दुसरी सरकती. हाडाचं वरचं टोक भिंतीला टेकवायचं, सरकती बाजू मनगटाकडच्या टोकदार सुळक्याला भिडवायची आणि मिलिमीटर वाचायचे. मोठ्या माणसाचा रेडियस साधारण वीतभर भरतो. ही झाली साइज, आणि याला मराठीत 'माप' हा सरळ शब्द आहे.

शेपचं तसं नाही. हाडाच्या मध्यावर पुढून-मागे किती जाडी आणि आडवी किती, ही दोन मापं घेऊन एकाला दुसऱ्याने भागलं की मिलिमीटर उडून जातात, नुसता आकडा उरतो, आणि तो सांगतो हाड तिथे गोल आहे की चपटं. रेडियसला बाहेरच्या अंगाला बाक असतो, तोही मोजतात. मनगटाकडच्या टोकाला उतार असतो साधारण 22-23 अंशांचा, हातावर पडून तिथे फ्रॅक्चर झालं की डॉक्टर एक्स-रेवर तो कोन बघतात. माझ्या आत्याचं हाड जुळलं पण उतार बदलला, आता मनगट जरा वाकडं दिसतं. तिच्या भाषेत "हाताची ठेवण बिघडली", आणि शेपला याहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही. पण ठेवण चेहऱ्याची, दातांची, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची जास्त, आणि 'घाट' म्हटलं की तांब्या-कळशी डोळ्यांपुढे येते, तेव्हा सुट्या हाडाला 'घडण' बरी.

तर नाव असं ठेव: "रेडियस हाडाची मापे आणि घडण". 'आकार' वापरायचाच हट्ट असेल तर फक्त शेपसाठी वापर आणि पहिल्याच पानावर तसं सांगून टाक.

आणि हो, आत "हाडाचं डोकं" असं मोघम लिहू नकोस. रेडियसचं डोकं कोपराकडे असतं आणि अल्नाचं मनगटाकडे, दोघं शेजारी पण उलटसुलट झोपलेले, त्यामुळे कुठल्या हाडाचं ते नाही लिहिलंस तर वाचणारा भलत्याच टोकाला पट्टी लावेल.