पुठ्ठ्याचा किल्ला आणि सासूबाईंचे डबे

या वेळचं पत्र इंग्लंडातल्या रेडिंगहून आलंय. थोरला ७ वर्षांचा, धाकटी ४ ची. आई लिहिते: ‘काकू, दर शनिवारी मुलांसाठी क्राफ्टचं किट आणते. २५ पौंडांचा डबा २० मिनिटांत संपतो आणि दोघं परत आयपॅड मागतात. घरात पडलेल्या वस्तूंतून करण्यासारखं काही सुचवा ना. शिवाय मुलं मराठीत उत्तर देत नाहीत. सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, त्या दह्याचा एक डबा टाकू देत नाहीत. आणि मराठी शाळा नेमकी पोहण्याच्या क्लासच्या वेळेला येते.’

अगं, २५ पौंड? आणि तो डबा ज्या खोक्यातून आला ते खोकं कुठे गेलं? रिसायकलिंगच्या बिनमध्ये, बरोबर ना? घरी चालत आलेला किल्ला तू स्वतःच्या हाताने बाहेर नेऊन ठेवलास.

किल्ल्याचा विषय निघाला की मी आवरत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे शाळेला आठवडाभर सुट्टी, बाहेर रिपरिप, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की साडेचारला अंधार. आणखी काय करणार आहात? आमच्या इथल्या पहिल्या दिवाळीत आम्ही पुण्याच्या थाटात मागच्या अंगणात किल्ला केला. विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट, सगळं साग्रसंगीत. रात्री पाऊस कोसळला. सकाळी मुलगा खिडकीशी उभा राहून विचारतोय, ‘आई, शत्रूने घेतला का?’ पुढच्या वर्षीपासून किल्ला स्वयंपाकघरात आला, तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत तिथेच होता.

तर ऐक. बुटांची तीन खोकी घे आणि मधोमध एक मोठं. झाला राजगड: सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. खोक्यांच्या मधल्या खाचांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, म्हणजे डोंगराला उतार येतो. चिकटवायला खळ कर. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गार असतानाच कालव, नाहीतर गुठळ्या होतात, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळ. आमच्या लहानपणी खळीत मोरचूद घालायचे. तो विषारी, मुलांच्या हातात नको. चमचाभर मीठ पुरे. कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून थर द्यायचे, पण दिवसाला दोनच. इथल्या दमट हवेत घाई केलीस तर आतून बुरशी धरते. रेडिएटरजवळ ठेव. आणि कार्पेटवर आधी जुनी चादर अंथर, हे अनुभवाने सांगतेय.

बुरुजांना टॉयलेट रोलच्या नळ्या, पायऱ्यांना अंड्यांचा ट्रे कापून. मावळे भारतातून आणू नकोस, बॅगेत निम्म्यांची मुंडकी उडतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण वाटीभर पाणी घालून घट्ट मळ, हवे ते आकार करून अगदी मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळव. खारट असतात, धाकटीला चाखू देऊ नकोस. आमच्याकडचे राजे दरवाज्यापेक्षा उंच झाले होते. मी म्हटलं, छोटे करू. मुलगा म्हणाला, राजे वाकणार नाहीत, आणि कात्रीने दरवाजाच वाढवला.

शेवटी अळीव. बाळंतपणात आईने लाडवांसाठी पाठवलेले फडताळात उरले असतील, पण आधी चिमूटभर ओल्या कापसावर टाकून उगवतात का बघ. डोंगरावर प्लास्टिकची पिशवी फाडून पसर, तिच्यावर जुन्या टॉवेलचा तुकडा. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन फडक्याला आपोआप चिकटतात. पाणी फक्त शिंपडायचं. वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरलंस की डोंगर हिरवा. थोरल्याला विचार, शाळेत अंड्याच्या टरफलात ‘क्रेस’ उगवलं होतं का? तेच हे अळीव.

एक मात्र बजावते. नवऱ्याला लांब ठेव. आमच्या ह्यांनी एका वर्षी रायगड ‘टू स्केल’ करायला घेतला. फूटपट्टी, नकाशा, पेन्सिल कानाला. मुलांचं काम काय, तर खळ पुढे सरकवणं. तिसऱ्या दिवशी दोघं टीव्हीसमोर आणि हे एकटे टकमक टोकाशी झुंजताहेत. तुमच्या २५ पौंडांच्या किटचंही तेच होतं बघ. सगळं कुणीतरी आधीच कापून ठेवलेलं, मुलांना करायला उरतं काय? वाकडा होऊ दे किल्ला.

मराठीचं म्हणशील, तर माची, तट, बुरुज, टाकं, चोरदिंडी हे शब्द खळ वाळेपर्यंत तोंडात बसतात. हिरकणीची गोष्ट सांग, रात्री ती कडा उतरून बाळाकडे गेली ती. थोरला शाळेत भाव खाणारा असेल तर त्याला हेही सांग की २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यांत आहे.

सासूबाई डबे टाकू देत नाहीत, ही तक्रार आहे होय? त्याच पत्रात तूच घरातल्या वस्तू मागतेस! डबे उपडे घातले की मोठे बुरुज, झाकणं म्हणजे पाण्याची टाकी. उरलेल्या वेळात जुन्या साड्या आणि सुईदोरा त्यांच्या पुढ्यात ठेव, सहा महिन्यांत दोन गोधड्या होतील.

राहिलं पोहणं. मराठी शाळेची दुसरी वेळ आहे का विचार. नसेल तर पोहू दे बाई, चारी बाजूंनी पाणी असलेल्या देशात राहतोय आपण.