नवीन रीफ टँकसाठी (प्रवाळ आणि मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) मालवणच्या किनाऱ्यावरचे दगड चालतील का? मासे कधी सोडायचे?

नाही, ते दगड नकोत. कोरडा, सच्छिद्र अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचा) खडक विकत घ्या, आणि मासे साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, तेही पाण्याची टेस्ट बघूनच सोडा. कोकणातला जांभा म्हणजे लोहाचा साठा, आणि समुद्रातून जिवंत प्रवाळ उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. खडक शोभेसाठी नसतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या छिद्रांत वस्ती करतात. आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (घरातलं मीठ नाही!) घालून घनता १.०२५, तापमान २६ अंश ठेवा. मग बाटलीतले जिवाणू टाका, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलीग्रॅम) न्या. तेवढा अमोनिया २४ तासांत संपला, अमोनिया टेस्टची ट्यूब पिवळीच राहिली (म्हणजे शून्य) आणि नायट्राइटही शून्य आलं, की सायकल झाली, म्हणजे जिवाणूंची वस्ती तयार झाली. अर्धंअधिक पाणी बदलून एकच मासा सोडा. माझ्या दोन्ही टँकना हाच हिशोब लागू पडला. फक्त कोरड्या खडकावर सुरुवातीला तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) थर हमखास चढतो. बोटाने पुसला जातो, औषधं ओतू नका. प्रवाळ मात्र आणखी दोन-तीन महिने थांबू द्या.