रविवारचा गट हातात घेताना

प्रिय नव्या गटप्रमुखा,

अनेक आशीर्वाद.

क्लबच्या रविवारच्या रनची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि तुझा पहिला प्रश्न होता, पुढे राहून कोणता पेस, म्हणजे किलोमीटरमागे किती मिनिटं, धरायचा. आधी त्याचंच सांगतो: पुढे राहू नकोस. पुढे पळायला हौशी माणसं नेहमी मिळतात, मागे राहायला मिळत नाहीत. क्लब सोडणारे क्वचितच भांडून जातात. एका रविवारी ते मागे पडतात, वळणापलीकडे सगळे दिसेनासे होतात, आणि हे पोचेपर्यंत बाकीच्यांचं स्ट्रेचिंगही उरकलेलं असतं. पुढचा रविवार ते टाळतात, त्याच्या पुढच्याला कोणी विचारत नाही, आणि विषय संपतो. म्हणून तुझी जागा शेवटच्या माणसाबरोबर. पुढे असा कोणी ठेव ज्याला रस्ता पाठ आहे आणि सांगितलेला पेस धरता येतो. तो क्लबातला सर्वांत वेगवान नसला तर उत्तमच.

निघण्याआधी डोकी मोज आणि तो आकडा पुढच्या माणसालाही सांग. परतल्यावर पुन्हा मोज. आकडा जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. वाटेतूनच परस्पर घरी वळणाऱ्यांना एकच नियम लाव: मागच्या माणसाला सांगितल्याशिवाय जायचं नाही. हरवलेल्या धावकाचा शोध बहुतेक वेळा त्याच्या घराच्या न्हाणीघरात संपतो, पण तोवर चार जणांनी सगळा रस्ता पालथा घातलेला असतो.

सूचना दोन मिनिटांत संपव. अंतर, रस्ता, कुठे खोदकाम आहे किंवा कुठे रस्ता ओलांडायचाय, पुढे कोण, मागे कोण, आणि पेस. पेस आकड्यात सांग. ‘आज आरामात’ म्हटलंस की ज्याचा आराम सव्वापाचचा आहे आणि जिचा आठचा आहे, ते दोघंही मान डोलावतात आणि पहिल्या किलोमीटरलाच गटाचे तीन तुकडे होतात. ‘आज साडेसहाचा पेस, दहा किलोमीटर, म्हणजे पाऊण तास उलटून वर वीस मिनिटं’ असं सांगितलं की ज्याला ते झेपणार नाही तो आपणहून मागच्या गटात जातो, कोणाला कमीपणा न वाटता.

एका गटप्रमुखामागे बारापेक्षा जास्त माणसं नकोत. गट पाडताना दोन गटांच्या पेसमध्ये किलोमीटरमागे पाऊण ते एक मिनिटाचं अंतर ठेव: साडेपाच, साडेसहा, साडेसात, आणि चौथा पळत-चालत जाणाऱ्यांचा. अंतर याहून कमी ठेवलंस तर मागच्या गटातले दोघे-तिघे पुढचा गट पकडायला सुटतात आणि मागे राहिलेल्यांचा गटच उरत नाही.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. इझी रन, म्हणजे आरामात पळायचा रन, इझी राहत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून पळत असतात, त्यातला एक नकळत अर्धं पाऊल पुढे होतो. दुसरा बरोबरी साधतो. पहिला पुन्हा अर्धं पाऊल पुढे. कोणी मुद्दाम करत नाही, दोघांनाही वाटतं की समोरचाच वेग वाढवतोय. साडेसहाने सुरू झालेला रन चौथ्या किलोमीटरला पाच-पन्नासवर आलेला असतो, बोलणं बंद झालेलं असतं आणि मागे पंचवीस मीटरांची फट पडलेली असते. बोलणं थांबलं हीच खूण. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर तो इझी रन नाही. यावर उपाय म्हणजे पुढच्या माणसाने त्या दोघांच्या मधे शिरायचं आणि गप्पांना तोंड फोडायचं. ‘हळू, हळू’ ओरडून दोनशे मीटरांपुरताच फरक पडतो. घड्याळात त्या क्षणाचा पेस बघत पळू नका असंही त्याला सांग. झाडांखाली आणि उंच इमारतींच्या मधे तो आकडा वाटेल तसा उड्या मारतो. लॅपचा, म्हणजे चालू किलोमीटरचा सरासरी, पेस लाव, आणि पहिला किलोमीटर ठरल्यापेक्षा वीस-तीस सेकंद हळूच जाऊ दे.

वेगवेगळ्या दमाच्या माणसांना एकत्र पळवायचे काही प्रकार आहेत, ते महिनाभरात आलटून पालटून घे. सर्वांत सोपा: सगळे एकत्र निघायचं, आपापल्या पेसने पंचवीस मिनिटं जायचं, घड्याळात पंचवीस झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचं. मग जो आठ किलोमीटर पळाला तो आणि जी सहा पळाली ती, दोघंही पन्नासाव्या मिनिटाला परत. वर फायदा असा की जो जाताना जोशात सुटला तो उशिरा येतो आणि त्याची चूक न सांगता त्याला कळते. मात्र रस्ता सपाट निवड. जाताना उतार असेल तर येताना सगळेच अडकतात.

दुसरा, महिन्यातून एकदा घेण्याजोगा: उलट्या क्रमाने सुटायची शर्यत. पाच किलोमीटरला जिला अडतीस मिनिटं लागतात ती शून्यावर सुटते, तीस मिनिटांवाला आठव्या मिनिटाला, साडेतेवीसवाला साडेचौदाव्या मिनिटाला. हिशेब बरोबर असेल तर शेवटच्या शंभर मीटरांत सगळे एकाच वेळी येतात, आणि तो शेवट बघण्यासारखा असतो. यातला रोग एकच, तो म्हणजे लोक आपली वेळ फुगवून सांगतात. म्हणून वेळ विचारू नकोस. गेल्या तीन महिन्यांतली त्यांची सर्वांत चांगली नोंद घे, आणि प्रत्येक शर्यतीनंतर ती सुधार.

ट्रॅकवर जोडीने पळण्याचा खेळ याहून मजेचा. सर्वांत वेगवान माणसाची जोडी सर्वांत हळू माणसाशी लाव, दुसऱ्या क्रमांकाची शेवटून दुसऱ्याशी, असं करत मधे ये. एकाने एक फेरी मारायची, मग दुसऱ्याने, असं वीस मिनिटं. जोडीच्या एकूण फेऱ्या मोजायच्या. हळू पळणाऱ्याच्या फेरीत वेगवान माणसाला भरपूर विश्रांती मिळते, त्यामुळे तोही जीव तोडून पळतो, आणि आपल्या जोडीदाराला आरडाओरडा करून चेतवायला मोकळा राहतो. एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं यात बोलायला लागतात.

इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि सावकाश पळायचे टप्पे, मिश्र गटात अंतर मोजून घेण्यापेक्षा वेळ मोजून घे: तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, सहा वेळा. सावकाशच्या शिट्टीला पुढच्यांनी उलटं वळून शेवटच्या माणसापर्यंत जॉग करत यायचं आणि पुढचा जोर सगळ्यांनी तिथूनच सुरू करायचा. ८०० मीटरच्या इंटरव्हलला हळू माणूस पोचेपर्यंत बाकीचे गार पडलेले असतात. यात तसं होत नाही.

ट्रॅकवर शिस्त लागते. पहिली लेन वेगात पळणाऱ्यांची. वॉर्मअप, चालणं, गप्पा सगळं बाहेरच्या लेनमध्ये. पुढे जायचं ते बाहेरच्या बाजूने. इंटरव्हल संपल्यावर रेषेवरच हात गुडघ्यावर टेकून थांबू नये, मागून येणारा थेट अंगावर आदळतो. नव्यांना हेही सांग की ४०० मीटर ही फक्त पहिल्या लेनची फेरी. प्रत्येक बाहेरच्या लेनला सात मीटरांहून थोडी जास्त भर पडते आणि आठव्या लेनची फेरी सुमारे ४५३ मीटर होते. ट्रॅकवर घड्याळातल्या जीपीएसवर भांडू नये, फेऱ्या मोजाव्यात.

नवा माणूस आला की त्याचे पहिले तीन आठवडे तुझे. पहिल्या दिवशी नाव, आधीची दुखापत, आपत्कालीन फोन नंबर, आणि सध्या सलग किती पळता येतं एवढं विचार. काहीच पळत नसेल तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. चोवीस मिनिटांत काम होतं. तो म्हणेल, ‘जमतंय, अजून करू का?’ नाही म्हण. दम आठवड्याभरात वाढल्यासारखा वाटतो, पण नडगी आणि टाचेवरचा स्नायूबंध इतक्या लवकर तयार होत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात पाय धरून बसलेल्या माणसाला परत आणणं फार अवघड जातं. बरोबर पळायला त्याच्याच पेसचा एक जुना सदस्य जोडून दे, आणि दुसऱ्या रविवारी त्याला नावाने हाक मार. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण नावाने हाक मारलेली माणसं टिकतात.

रस्त्यावर: फूटपाथ नसेल तर वाहनांकडे तोंड करून, दोघादोघांनी, आंधळ्या वळणावर एकाच रांगेत. पुढच्याने ‘खड्डा’, मागच्याने ‘गाडी’ असं मोठ्याने ओरडायचं आणि प्रत्येकाने ते पुढे-मागे पोचवायचं. गटात कानात इयरफोन नको. अंधार असेल तर परावर्तक जॅकेट आणि डोक्याला दिवा, निदान पहिल्या आणि शेवटच्या माणसाकडे.

उन्हाच्या दिवसांत मागे राहण्याचा खरा उपयोग कळतो, कारण उष्माघाताची सुरुवात मागूनच दिसते. पाय वेडेवाकडे पडतात, माणूस चिडचिड करतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. घाम येतोय म्हणजे धोका नाही असं समजू नकोस. पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम बहुधा चालूच असतो. रुग्णवाहिकेला फोन लावायला एकाला सांग आणि त्याच क्षणी गार करायला लाग: टब मिळाला तर गार पाण्यात गळ्यापर्यंत, नाहीतर ओले टॉवेल बदलत राहा, पाणी ओतत राहा, वारा घाल. आधी गार करायचं, मग हलवायचं. दुसरीकडे, चार-पाच तास सावकाश पळणारे भीतीपोटी घटाघट पाणी पीत राहतात आणि रक्तातलं सोडियम घसरतं. त्यांना तहानेपुरतंच प्यायला सांग. गटातल्या निदान दोघांना छातीदाबाचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचं (सीपीआर), प्रशिक्षण घ्यायला लाव: मिनिटाला १०० ते १२० दाब, निदान पाच सेंटिमीटर खोल.

वर्षातून एकदा क्लबची स्वतःची पाच किलोमीटरची शर्यत होईल, आणि गोंधळ शेवटच्या रेषेवर होईल. अंतर घड्याळावरून आखू नका. नियमाप्रमाणे मोजणी होते ती चाकाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र लावलेल्या, आधी ज्ञात अंतरावर पडताळलेल्या सायकलने, धावकाला शक्य त्या सर्वांत जवळच्या रेषेने, आणि कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरून. तरी दहा जण येऊन सांगतील की आमच्या घड्याळात ५.०८ आलं. हसून सोडून द्यायचं.

वेळा हाताने घेणार असाल तर एकजण घड्याळ दाबतो, दुसरा बिब नंबर, म्हणजे धावकांच्या छातीवर लावलेले क्रमांक, क्रमाने लिहितो. घड्याळवाल्याने एकदा जास्त दाबलं किंवा लिहिणाऱ्याचा एक नंबर सुटला की तिथून खालची अख्खी यादी एका घराने सरकते, आणि ते कळतं बक्षिसं वाटल्यावर. म्हणून तिसऱ्या माणसाला स्वतंत्र घड्याळ दे. त्याने दर दहाव्या धावकाचा नंबर आणि वेळ एकत्र टिपायची. याद्या कुठे सरकल्या ते त्या दहांच्या टप्प्यात लगेच सापडतं. रेषेपलीकडे दोऱ्यांची अरुंद वाट कर, एकामागे एकच माणूस जाईल इतकी, आणि वाटेत कोणी कोणाला ओलांडायचं नाही. पाण्याचं टेबल वळणावर नको, वळण संपून सरळ रस्ता लागला की मग. पेले दोन-तृतीयांश भर, आणि रिकाम्या पेल्यांचे डबे पन्नास मीटर पुढे ठेव. टेबलाजवळ ठेवलेस तर लोक तिथेच थांबून पितात.

या कामांसाठी माणसं शोधताना दुखापतीने बसलेल्यांना आधी विचार. पाय धरून घरी बसलेला धावक महिन्याभरात क्लबपासून तुटतो. घड्याळ, पाणी, फोटो, नव्यांची नोंद, काहीही दे, पण रविवारी त्याला येऊ दे. मात्र ‘तू पळू नकोस, फक्त बघ’ अशा सुरात नको. ज्या कामावाचून खरंच अडेल तेच काम दे.

फोनवर निरोपांचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळे ठेव. पाऊस आला म्हणून जागा बदलली हा निरोप चाळीस ‘शुभ सकाळ’च्या खाली गाडला गेला की तिघे जुन्याच जागी उभे राहतात. वेळांचे फोटो टाकणाऱ्यांना अडवू नकोस, पण आठवड्याला एक नोंद अशाही माणसाची टाक जो पहिल्यांदा पाच किलोमीटर न थांबता पळाला. फोटो टाकण्याआधी विचारायचं, लहान मुलांच्या बाबतीत पालकांना.

कामांची यादी करशील तेव्हा प्रत्येक कामापुढे दोन नावं लिही, एक करणारा आणि एक शिकणारा. तुझ्या नावापुढेही. पहिल्या दोन महिन्यांत त्या दुसऱ्या माणसाला मागे राहायला बरोबर घे, तिसऱ्या महिन्यात एका रविवारी गट त्याच्याकडे सोपव आणि तू मधल्या गटात जाऊन पळ. त्याने डोकी मोजली का, एवढंच परतल्यावर विचार.

कळावे.