खानदेशचा दहा दिवसांचा सुलतान

प्रश्न : थाळनेर आमच्या शिरपूर तालुक्यात आहे. तिथल्या फारूकी सुलतानांच्या कबरी दाखवताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, की याच घराण्यातल्या एका सुलतानाला त्याच्याच सरदारांनी विष घालून मारले ते कशासाठी? पाठ्यपुस्तकात याविषयी एक ओळही नाही. आपण सविस्तर सांगाल का?
— एक शिक्षिका, शिरपूर

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने विचारलेला सुलतान म्हणजे गजनी खान. 1508 साली वडील दाऊद खान वारले आणि तो गादीवर आला. त्याची कारकीर्द अवघी दहा दिवसांची. बखरकारांनी या विषप्रयोगाचा ठपका मलिक हुसामुद्दीन या मोगल सरदारावर ठेवला आहे. मात्र दहा दिवसांत कोणताही राजा आपल्या सरदारांना जिवावर उदार होण्याइतके दुखवू शकत नाही, म्हणून या खुनाचे मूळ गजनी खानाच्या वागण्यात न शोधता त्याच्या वडिलांच्या कारकिर्दीत शोधावे लागते.

फारूकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याला दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्याकडून 1370 च्या सुमारास थाळनेर आणि करवंद हा मुलूख मिळाला आणि त्यातूनच पुढे खानदेशचे राज्य उभे राहिले. त्याच्या मुलाने, नासिर खानाने, आसा अहिराकडून आसीरगड कपटाने घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. दुसऱ्या आदिल खानाने 1457 पासून 1501 पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, हे राज्य भक्कमपणे राखले. पण त्याला मुलगा नव्हता, म्हणून गादी त्याच्या भावाकडे, दाऊद खानाकडे गेली. दाऊद खान स्वभावाने दुबळा होता. हुसेन अली आणि यार अली हे दोघे मोगल भाऊ त्याच्या दरबारात सर्वेसर्वा झाले आणि त्यांतल्या हुसेन अलीलाच हुसामुद्दीन हा किताब मिळाला. याच काळात दाऊद खानाने अहमदनगरच्या सरहद्दीवर चढाई करण्याचे मनात आणले आणि ते त्याच्या अंगाशी आले. अहमद निजामशाह खानदेशात घुसला, सुलतान आसीरगडाच्या आश्रयाला गेला आणि माळव्याच्या सुलतानाकडे मदतीची याचना करण्याची वेळ त्याच्यावर आली. माळव्याची फौज आली, निजामशाह माघारी गेला. पण त्या मदतीच्या बदल्यात खानदेशात माळव्याच्या सुलतानाच्या नावाचा खुतबा वाचला गेला. शुक्रवारच्या नमाजात आपल्या सुलतानाऐवजी शेजारच्या सुलतानाचे नाव ऐकू आले, तेव्हा बुऱ्हाणपूरच्या सरदारांनी काय ओळखले असेल, हे वेगळे सांगायला नको. आपला धनी आपल्याला वाचवू शकत नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापला बाहेरचा धनी शोधलेला बरा, हा विचार तिथून बळावला, असे माझे मत आहे.

गजनी खान मरताच हुसामुद्दीनने जे पाऊल उचलले, त्यावरून त्याचा हेतू पुरता उघड होतो. फारूकी घराण्यातला आलम खान नावाचा एक वारस अहमदनगरच्या आश्रयाला होता. हुसामुद्दीनने त्याला बोलावून घेतले आणि निजामशाह व वऱ्हाडचा इमादशाह यांच्या पाठबळावर गादीवर बसवण्याचा घाट घातला. मलिक लादन या दुसऱ्या मातब्बर सरदाराला हे मान्य नव्हते. तो आसीरगड धरून बसला. इकडे गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने आपल्या मुलीच्या मुलाचा हक्क पुढे केला. याही वारसाचे नाव आलम खानच होते, त्यामुळे वाचकांचा गोंधळ होणे साहजिक आहे. एक आलम खान अहमदनगरचा, दुसरा गुजरातचा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजते. बेगडा मोठी फौज घेऊन नंदुरबारमार्गे थाळनेरला येऊन ठेपला. त्याच्या येण्याची वार्ता लागताच निजामशाह आणि इमादशाह यांनी काढता पाय घेतला आणि हुसामुद्दीन उघडा पडला. 1509 च्या एप्रिलमध्ये थाळनेरला बेगड्याने आपल्या नातवाला गादीवर बसवले. हाच तिसरा आदिल खान. मलिक लादनला खान-ए-जहान असा किताब मिळाला आणि शरण आलेल्या हुसामुद्दीनलाही शहरियार हा किताब देऊन सांभाळून घेण्यात आले.

सांभाळून घेतलेला हा माणूस स्वस्थ बसला नाही. थाळनेरला राहून त्याने पुन्हा निजामशाहाशी संधान बांधल्याची कुणकुण नव्या सुलतानाला लागली. आदिल खानाने त्याला बुऱ्हाणपूरला बोलावले, वरकरणी मानाने भेट घेतली आणि नंतर तलवारीच्या वाराने त्याचा शेवट करवला. त्याच्या साथीदारांचीही गत तीच झाली. विद्यार्थ्याला सांगताना हा उत्तरार्ध अवश्य सांगावा, कारण विषप्रयोगाची गोष्ट एवढ्याशिवाय पुरी होत नाही.

प्रश्न : राजाला ठार करण्याइतकी ताकद ज्यांच्या हाती होती, ते सरदार स्वतःच गादीवर का बसत नसत? आणि सुलतानाची स्वतःची फौज कुठे असे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. सुलतानाजवळ खाशी फौज असे, पण राज्याचे बहुतेक घोडेस्वार सरदारांच्या जहागिरीवर पोसलेले असत. स्वाराला पगार सरदाराच्या हातून मिळे, म्हणून त्याचे इमानही आधी सरदारापाशी आणि मग सुलतानापाशी असे. त्यातून एखाद्या सरदाराच्या ताब्यात आसीरगडासारखा किल्ला असला, तर गडाचे दरवाजे लावून तो कुणालाही दाद देत नसे. मलिक लादनने नेमके हेच केले. पण हीच सोय प्रत्येक सरदाराला उपलब्ध असल्यामुळे कोणी एक गादीवर बसू लागला, की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. कालपर्यंत आपल्या बरोबरीने दरबारात उभा राहणाऱ्यापुढे मुजरा करायला कोणी राजी नसे. राजघराण्यातला एखादा पोरसवदा वारस मात्र सगळ्यांना चाले. बीदरच्या बरीद या वजीर घराण्याने तर दख्खनच्या बहमनी सुलतानांना नावापुरते गादीवर ठेवून वर्षानुवर्षे राज्य चालवले, आणि वलीउल्लाहसारखा एखादा सुलतान या वजिरांच्या कचाट्यातून सुटू पाहू लागला, तेव्हाच त्याचा जीव घेतला.

राजघराण्यातलाच माणूस कटात असला, तर मात्र तो स्वतः गादीवर बसे. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे 1378 सालचा मुजाहिदशाह बहमनीचा खून. मुजाहिद अंगाने दांडगा आणि स्वभावाने तापट होता. लहानपणी त्याने बापाच्या खजिन्यातल्या मोहरांच्या थैल्या फोडून सवंगड्यांना वाटल्या आणि मुबारक नावाच्या तांबूल देणाऱ्या सेवकाने ही गोष्ट सुलतानाच्या कानावर घातली. मुजाहिदने तो राग मनात धरला. पुढे त्याने मुबारकशी कुस्ती खेळून त्याला असे आपटले, की त्याची मान मोडून तो मेला. या मुबारकचा मुलगा मसूद खान पुढे सरदार झाला. विजयनगरवरील स्वारीत सुलतानाने आपला चुलता दाऊद याला नेमून दिलेली नाक्याची जागा सोडल्याबद्दल चारचौघांत फटकारले, तेव्हा दाऊद आणि मसूद हे दोघे दुखावलेले एकत्र आले. परतीच्या वाटेवर कृष्णेकाठी मुक्काम पडला असता रात्री ते सुलतानाच्या तंबूत शिरले. एक हबशी गुलाम सुलतानाचे पाय चेपत बसला होता. त्याने आरडाओरड केली, मुजाहिद जागा झाला, तोच दाऊदने त्याच्या पोटात खंजीर खुपसला. तशाही स्थितीत मुजाहिद झुंजला. निःशस्त्र गुलाम मसूदवर धावून गेला आणि मसूदने आधी त्याला आणि मग सुलतानाला तोडले, असे फारसी इतिहासकार फिरिश्ता याने लिहिले आहे. आपल्या इतिहासांत या गुलामाचे नावही उरले नाही, याची मला फार रुखरुख वाटते.

दाऊद बहमनींच्या राजधानीत, गुलबर्ग्याला, गादीवर बसला खरा, पण दरबार लगेच दुभंगला. मुजाहिदची बहीण रुहपरवर आगा हिने सूड घेण्याचा निश्चय केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात, राज्यारोहणाला जेमतेम महिना झाला असताना, मशिदीत नमाज पढत असलेल्या दाऊदला तिने नेमलेल्या माणसाने तलवारीने मारले. दाऊदच्या लहान मुलाला गादीवर बसवण्याचा बेतही तिने हाणून पाडला आणि त्या मुलाचे डोळे काढवले. नंतर घराण्यातलाच दुसरा मुहम्मद गादीवर आला आणि 1397 पर्यंत त्याने शांतपणे राज्य केले.

आपण खानदेशचे आहात, म्हणून एक फरक नमूद करतो. गुलबर्ग्याचा निकाल गुलबर्ग्यातच लागला, कारण तेव्हा बहमनी राज्य बलाढ्य होते आणि वारस ठरवायला बाहेरचा कोणी येऊ शकत नव्हता. खानदेशची गादी मात्र गुजरात, माळवा, अहमदनगर आणि वऱ्हाड यांच्या मधोमध होती, म्हणून तिथला वारस गुजरातच्या छावणीत ठरला. तिसऱ्या आदिल खानाने 1520 पर्यंत राज्य केले, गुजरातच्या दुसऱ्या मुजफ्फरशाहाची मुलगी केली आणि अखेरपर्यंत आजोळच्या छत्राखालीच तो राहिला.