आंबे काढताना माणूस कलमावरून पडला, ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार आहे, तर रिक्षात घालून न्यावं का?

नाही, रिक्षात तर अजिबात नको, आहे तिथेच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. मी फिजिओथेरपीचं काम करतो, सीझनला असे पेशंट येतातच. मणका मोडला तरी आतल्या मज्जारज्जूला कधीकधी काही झालेलं नसतं, पण चारजण धावत येतात, बखोटीला धरून बसवतात, "पाय हलव बघू" म्हणतात, पाणी पाजतात आणि त्या हिसक्यात हाड सरकून मज्जारज्जू दाबली जाते. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं मान जशी आहे तशीच धरून ठेवायची, बाकीच्यांनी त्याच्याशी गप्पा मारा पण हलवू नका. हातापायाला मुंग्या, बधिरपणा किंवा नकळत लघवी झाली तर फोनवर ते आधी सांगा. अपवाद एवढाच, श्वास बंद असेल किंवा उलटी घशात अडकत असेल तर श्वास आधी. उलटी अडकत असेल तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून तीनचार जणांनी एकदमच कुशीवर वळवायचं. श्वास नसेल तर उताणं ठेवून छाती दाबायला लागा.

पुढच्या वेळेसाठी:
- दवाने ओल्या, शेवाळलेल्या फांदीवर सकाळी लवकर चढू नका
- जमिनीवरून घळ (आंबे काढायची जाळी लावलेली लांब काठी) पोचते तिथे चढायचंच कशाला, दापोली कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (अशीच सुधारित काठी) देठासकट आंबा काढतो
- वर जायचंच तर सेफ्टी बेल्ट, आणि तो जाड फांदीला, हातातल्या डहाळीला नव्हे