पैसे देऊन जेल काहून पाहायची?

प्रश्न : नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, आठ एकर वावर हाये, कपाशी न् तूर. पोट्टी लंडनले नर्स हाये, तिनं मले न् तिच्या मायले महिनाभर बोलावलं. पोट्टी म्हणते का बाबा, तुमाले क्लिंक नावाची जुनी जेल दाखवतो, तिथं आता म्युझियम हाये. आता सांगा, जेल पाहाले तिकीट काढून काहून जावं? माये गुडघे दुखतात, न् नातू सहा वर्षाचा हाये, त्याले भेव लागन काय?

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण त्या जेलात पूर्वीही माणूस पैसे देऊनच राहायचा, आणि तेही मस्करीत नाही, खरोखर.

त्याचं असं आहे की थेम्स नदीच्या दक्षिणेला सदर्क म्हणून भाग आहे, तिथं विंचेस्टरच्या बिशपचा, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती धर्मगुरूचा, वाडा होता आणि आजूबाजूच्या वस्तीवर लंडन शहराचं नाही, बिशपचंच राज्य. वाडा बांधला ११४४ च्या सुमारास, जेलचं वयही तेवढंच सांगतात. गंमत म्हणजे त्याच वस्तीत बिशपच्या परवान्यानं वेश्यांचे कोठे चालायचे आणि गुन्हा केला की बिशपच्याच जेलात. दोन्हीकडून वसुली!

तर जेलरला पगार नावालाच, मग तो कमवायचा कोणाकडून, तर कैद्याकडून. बेडी घालायचे पैसे, काढायचे पैसे, हलकी बेडी पाहिजे तर त्याचे वेगळे. गादी, मेणबत्ती, भाकरतुकडा सगळं विकत आणि बाजारापेक्षा महाग. ज्याच्याजवळ दमडी नाही तो रस्त्याच्या पातळीला असलेल्या जाळीतून हात बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याला भीक मागायचा. म्हणजे चालणाऱ्याच्या पायाजवळ नुसता हात दिसणार, माणूस खाली. मी भाचीसोबत गेले होते तेव्हा तिथल्या साखळदंडांपेक्षा हीच गोष्ट डोक्यात राहिली.

आणि काका, तुम्ही कपाशीवाले म्हणून मुद्दाम सांगते. शेवटी शेवटी, म्हणजे १७०० नंतर, तिथं जास्त करून कर्ज थकलेले लोकच कोंडलेले असायचे. आता बघा, कर्ज फेडता येत नाही म्हणून आत टाकला, आत रोजच्या रोज खर्च, बाहेर धंदा बंद, मग तो फेडणार कशानं आणि सुटणार कधी? आपल्याकडं सावकाराच्या वहीचं व्याज ज्यानं पाहिलं त्याला हा हिशोब कोणी समजवून सांगायला नको. इंग्लंडात कर्जापायी जेल बऱ्यापैकी बंद झाली ती १८६९ च्या कायद्यानं, तोवर हेच चालू.

मधल्या काळात धर्मापायीही लोक आत गेले. कॅथलिक पंथाची राणी मेरी होती तर प्रोटेस्टंट आत, प्रोटेस्टंट एलिझाबेथ आली तर कॅथलिक आत, खुर्ची बदलली की कैदी बदलायचे. मग १७८० मध्ये लंडनात कॅथलिकांविरुद्ध गॉर्डन दंगल झाली, जमावानं जेल पेटवून दिली, कैदी पळाले आणि ती परत काही बांधली नाही. नाव मात्र टिकलं, आपण 'खडी फोडायला गेला' म्हणतो तसं इंग्रज आजही 'क्लिंकमध्ये गेला' म्हणतात.

आता खरं बोलते. म्युझियम लहान आहे, पाऊण तास पुरतो. दंगलीत सगळं जळालं, त्यामुळे आत बरंचसं नंतर उभं केलेलं, पुतळे, अंधार, कण्हण्याचे आवाज. हात लावायला मिळतो ही मजा, लोखंडी गोळा उचलून पाहा आणि तो पायात घेऊन चालायचं म्हणजे काय ते मनातल्या मनात करून पाहा. पण अस्सल जुना दगड पाहायचा असेल तर त्याच गल्लीत दोन मिनिटं पुढं बिशपच्या वाड्याची पडकी भिंत उभी आहे, वर गोल नक्षीची दगडी खिडकी, रस्त्यावरून फुकट दिसते. तुम्ही नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहिला असेल तर नक्षीला नाव ठेवाल, पण पाहा.

गुडघ्यांचं म्हणाल तर आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, लिफ्टच्या भरवशावर राहू नका, काठी सोबत असू द्या. उतरायचं लंडन ब्रिज स्टेशनला, तिथून बरो मार्केटमधून चालत जायचं. मार्केटात खाण्याचे भाव पाहून छातीत धस्स होईल, डब्यात पोळीभाजी घेऊन जा. जेलचं तिकीट पोरीला आधीच ऑनलाइन काढायला सांगा, चालू दर तिथंच दिसेल.

नातवाचं काय, सहा वर्षाचं पोरगं अंधार आणि किंचाळ्यांना घाबरू शकतं, भेदरट असेल तर नकोच. जवळच धक्क्यावर गोल्डन हाइंड नावाचं जुन्या धाटणीचं लाकडी जहाज उभं आहे, आजीनं त्याला तिकडं न्यावं, तोवर तुम्ही न् पोरगी जेल पाहून या.